खांड आणि पौर्णिमा : खारेपाटातील एका गावाच्या अन्नाचे प्रकरण

रायगड जिल्ह्यातील अलिबाग आणि पेण या तालुक्यांच्या खाडीकाठच्या सखल पट्ट्याला खारेपाट म्हणतात. या पट्ट्यातील एका गावात आषाढ अमावास्येच्या उधाणाला समुद्रसंरक्षक बांध फुटला, खारे पाणी उभ्या भातात शिरले आणि पुढील तीन पावसाळ्यांत त्या गावाच्या अन्नाची सारी घडी बदलली. अन्नसुरक्षा आणि ग्रामविकास या क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या तिघांच्या गटाने हे प्रकरण पहिल्या महिन्यापासून पाहिले. आमच्यापैकी एक मृद्शास्त्राचे अभ्यासक, एक पोषणतज्ज्ञ आणि मी गावपातळीवरील संस्थात्मक कामाचा. गावाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण जमिनीच्या नोंदी आणि नुकसानभरपाई यांसंबंधीचे तेथील काही वाद अजून मिटलेले नाहीत.

खारजमीन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाऊ शकणारी, पण बांध घालून समुद्रापासून सोडवलेली जमीन. हा बांध चिखलमातीचा असतो आणि त्यात ठरावीक अंतरावर उघाड्या असतात. उघाडीची झडप ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरील पाण्याच्या दाबाने बंद होते, त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जाते आणि खाडीचे पाणी आत येत नाही. उन्हाळ्यात खालचे मीठ केशाकर्षणाने वर चढते आणि जमिनीवर पांढरी पापडी धरते; जून-जुलैतील जोरदार पाऊस ते मीठ विरघळवून उघाडीवाटे खाडीत नेतो. अशा रीतीने दरवर्षी पावसाने धुऊन निघालेल्या जमिनीत भात होते. रोपे लावण्याऐवजी मोड आलेले बियाणे फेकून पेरण्याची, म्हणजे रहूची, पद्धत येथे अनेक ठिकाणी आहे. भाताच्या जुन्या जातींत काळा राता आणि भुरा राता या मीठ सोसणाऱ्या जाती प्रसिद्ध आहेत, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 या सुधारित जाती दिल्या आहेत. मात्र ही सारी व्यवस्था बांध टिकला तरच चालते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि तेवढे मीठ सोसणारी भाताची जात अजून कोणाकडे नाही.

बांध फुटला कसा, याबद्दल गावात दुमत नव्हते. चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांतून पाणी झिरपत असल्याचे अमावास्येच्या दोन दिवस आधी गुरे राखणाऱ्या एका आजींनी पाहिले होते आणि घरी येऊन सांगितलेही होते. अशा वेळी पूर्वी काय होत असे, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. बांधामागे ज्यांची शेते, त्या सर्वांची एक सामाईक व्यवस्था असे. तिला या भागात जोळ म्हणत. प्रत्येक घराने जमिनीच्या प्रमाणात माणसे द्यायची, उन्हाळ्यात बांधावर चिखल चढवायचा, पावसाळ्यात पाळीने बांध फिरायचा आणि भोक दिसले की हाक मारायची, असा दंडक होता. पुढे मुंबई राज्याच्या 1948 च्या आणि महाराष्ट्राच्या 1979 च्या खारभूमी विकास अधिनियमाने अनेक बांध शासकीय योजनांत आले. मोठ्या दगडी कामांना पैसा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु बांध शासनाचा झाला तसे बांध फिरणे हे आपले काम राहिले नाही, आणि भोक दिसल्यावर हाक नेमकी कोणाला मारायची हे ठरलेले राहिले नाही. आजींचे म्हणणे घरातच राहिले.

या प्रकरणात सर्वाधिक महत्त्वाचा काळ त्यानंतरच्या पंधरवड्याचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

समुद्राचे पाणी तिथीवर चालते. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा हिशेब खाडीकाठच्या माणसाला तोंडपाठ असतो; पंचमीला पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती येते. अमावास्या आणि पौर्णिमा यांना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाचा जोर सर्वांत मोठा असतो, तर अष्टमीच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. या दिवसांना भांग म्हणतात. अमावास्येला पडलेली खांड, म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, बुजवायची तर ती भांगातच बुजवता येते, कारण तेव्हाच पाण्याचा वेग कमी असतो, मेढी ठोकता येतात, पेंढा आणि चिखल यांचे थर धरतात. तो भांग चुकला तर पुढचे उधाण येते, आणि या प्रकरणात ते उधाण नारळी पौर्णिमेचे होते.

अमावास्येनंतर सकाळी खांड तीन-चार हातांची होती. ज्यांनी आयुष्यभर बांध बांधले त्या माणसांच्या मते आळीतल्या तीस-चाळीस जणांनी दोन ओहोट्या काम केले असते तर ती बुजली असती. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीने अर्ज दिला, संबंधित कार्यालयाकडून पाहणी झाली, मोजमाप घेतले गेले आणि अंदाजपत्रक करण्याचे ठरले. येथे कोणी कामचुकारपणा केला असे मला म्हणायचे नाही. पाहणीला आलेले अभियंते तत्पर होते, गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी मापे घेतली. पण अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा या टप्प्यांना लागणारा काळ महिन्यांत मोजला जातो आणि भांग दिवसांत संपतो. गावातील तरुणांनी स्वतः काम करण्याची तयारी दाखवली, तेव्हा शासकीय बांधाला हात लावला तर पुढे निधी मिळणार नाही, अशी भीती कोणीतरी व्यक्त केली आणि काम थांबले. ही भीती कोणत्या नियमातून आली, हे आम्ही पुष्कळ शोधले. तसा नियम आम्हाला सापडला नाही. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला खांडीचे दोन्ही काठ ढासळले, आणि भाद्रपदापर्यंत तेथून लहान होडी आत येऊ शकेल एवढी वाट झाली.

याच गावात याच काळात याच्या उलटही घडले, आणि त्यामुळेच हे प्रकरण अभ्यासण्यासारखे झाले. वरच्या अंगाच्या आळीची शेते मुख्य बांधापासून थोडी दूर आहेत आणि त्यांच्यामध्ये एक जुना, खचलेला आतला बांध आहे. तो कोणत्याही योजनेत नाही, म्हणून तो दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागेल असे कोणाला वाटले नाही. त्या आळीने भांगाच्या दिवसांत, बायकापोरांसह, तो आतला बांध दीड-दोन हात उंच केला. त्यांच्याही शेतात थोडे खारे पाणी आले, पण पावसाने ते धुतले गेले आणि त्या वर्षी कमी का होईना, भात झाले. जमीन तीच, पाऊस तोच, माणसे एकाच जातकुळीची. भांगात काम झाले की नाही, एवढाच फरक होता.

आता भाताच्या हिशेबाकडे येतो. खालच्या आळीतील एका पाच माणसांच्या घराचे उदाहरण घेतो. त्यांच्या वाट्याला वीस गुंठे, म्हणजे 0.2 हेक्टर जमीन. हेक्टरी 25 क्विंटल उत्पन्न धरले तर पाच क्विंटल भात, आणि भरडल्यावर सुमारे 330 किलो तांदूळ. घर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 अन्वये प्राधान्य कुटुंबांत आहे, म्हणून माणशी 5 किलोप्रमाणे महिन्याला 25 किलो, वर्षाला 300 किलो धान्य रेशनवर मिळते; जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. दोन्ही मिळून 630 किलो, म्हणजे माणशी दिवसाला साधारण 345 ग्रॅम धान्य. शेत गेले की तोच आकडा 164 ग्रॅमवर येतो. उरलेला तांदूळ किलोला 40 रुपयांनी विकत घ्यायचा तर वर्षाला 13,200 रुपये लागतात. आपत्तीच्या मदतीचे केंद्राचे 2022-23 ते 2025-26 या वर्षांचे निकष पाहिले तर 33 टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, 2 हेक्टरच्या मर्यादेत, असा दर होता. वीस गुंठ्यांना त्या दराने 1,700 रुपये येतात. ही मदत पुढच्या पेरणीच्या खर्चासाठी असते, वर्षाच्या अन्नासाठी नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या जमिनीत पुढच्या वर्षी पेरणीच होणार नाही तिच्याबाबत या भेदाला फारसा अर्थ उरत नाही.

आणि हे 1,700 रुपयेही त्या घराला मिळाले नाहीत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले, ही कोकणातील फार मोठी घटना होती, आणि या मातीत तिचे मोल अधिक आहे. कारण येथून जवळच्या चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप चालवला होता. पण कायद्यानंतर मालक सावध झाले आणि जमीन कसायला देताना काही लिहून देईनासे झाले. आज खारेपाटात अर्धेलीने किंवा खंडाने होणारी पुष्कळशी शेती तोंडी बोलीवर चालते. त्यातच सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची सामाईक नावे असतात आणि निम्मे सहहिस्सेदार मुंबईला असतात. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी पंचनामा प्रामाणिकपणे केला तरी त्यांच्या कागदावर कसणारा नसतो, खातेदार असतो. कसणाऱ्या घराचे अन्न गेले आणि मदतीची रक्कम मुंबईतील चौघांच्या संमतिपत्राची वाट पाहत राहिली.

आमच्या गटाची चूकही येथे नोंदवायला हवी, कारण तिच्यातून आम्ही सर्वांत अधिक शिकलो. 1996 च्या रोम येथील जागतिक अन्न शिखर परिषदेपासून अन्नसुरक्षेकडे पाहताना अन्नाची उपलब्धता, ते मिळवण्याची ऐपत, त्याचा शरीराला होणारा उपयोग आणि या तिन्हींचे सातत्य, अशा चार अंगांनी पाहण्याची रीत रुळली आहे. आम्ही पहिली पाहणी भाद्रपदात केली, आणि तिच्यात आदल्या दिवशी घरात काय काय खाल्ले हे विचारण्याचा नेहमीचा आहारविविधतेचा तक्ता वापरला. निष्कर्ष असा निघाला की खालच्या आळीचा आहार वरच्या आळीइतकाच, किंबहुना थोडा अधिक विविध आहे. आम्ही चक्रावलो, आणि काही काळ त्या आकड्यावर विश्वासही ठेवला. कारण साधे होते. बांध फुटल्यावर खाडी शेतात आली होती आणि तिच्याबरोबर कोलंबी, बोय, निवट्या, चिंबोऱ्या आल्या होत्या. शेतात पाग टाकून मासळी मिळत होती, ती खाल्ली जात होती आणि विकून तांदूळही आणला जात होता. आमचा तक्ता त्या दिवशीच्या ताटापुरता खरे बोलत होता. मात्र त्या ताटाखाली कणगी रिकामी होत चालली होती, हे विचारणारा प्रश्न त्यात नव्हता. चार अंगांपैकी सातत्याचे अंग आम्ही केवळ प्रस्तावनेत लिहून सोडले होते.

दिवाळीनंतर आम्ही पद्धत बदलली. दुपारी घरोघर जाण्याऐवजी ओहोटीच्या वेळी उघाडीवर जाऊन बसू लागलो, कारण बायका तेथे भेटत. महिनावार अन्नाचे वर्ष त्यांच्याकडूनच काढून घेतले: कोणत्या महिन्यात कणगीतील तांदूळ संपतो, कोणत्या महिन्यात उसने आणावे लागते, सुकी मासळी केव्हा भरतात, तळ्यातील मासे केव्हा काढतात. त्यातून जे दिसले ते भाताच्या हिशेबात कुठेच नव्हते. पेंढा गेल्यामुळे म्हशी विकाव्या लागल्या होत्या, कारण खाऱ्या पाण्यात कुजलेला पेंढा गुरे खात नाहीत आणि विकतचा परवडत नाही. म्हैस गेल्यावर लहान मुलांचे दूध गेले, आणि दुधाच्या रतिबावर चालणारा तेल-मिठाचा खर्चही गेला. घराजवळच्या तळ्यांत खारे पाणी शिरून रोहू, कटला मेले. जिताडा तेवढा तगला, कारण तो खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यांत राहतो. कापणी-झोडणीला येणाऱ्या कातकरी कुटुंबांचे मजुरीचे दिवस गेले आणि ती नेहमीपेक्षा लवकर वीटभट्ट्यांकडे निघून गेली. त्यांची नोंद खालच्या आळीच्या पंचनाम्यात नव्हती आणि आमच्या पहिल्या यादीतही नव्हती.

सर्वांत खोल नुकसान बियाण्याचे होते. राता भाताचे बियाणे बहुतेक घरे स्वतःच्या पिकातून राखत. एक पीक गेले की खायला काढलेल्या साठ्याबरोबर बियाणेही जाते, आणि बाजारात मिळणारे गोड्या जमिनीचे सुधारित बियाणे येथे चालत नाही. रोपावस्था आणि फुलोरा या दोन वेळी भात मिठाला विशेष हळवे असते. दुसऱ्या वर्षी काही घरांनी विकतचे बियाणे फेकले, ते बोटभर वाढले आणि पिवळे पडून बसले. वरच्या आळीकडे रात्याचे बियाणे टिकले होते, म्हणून तिसऱ्या वर्षी गावाला ते मिळू शकले. पनवेल जातींचे काही बियाणेही आम्ही मिळवून दिले. परंतु आतला बांध भांगात उचलला गेला नसता तर त्या गावातून राता संपला असता, असे मला वाटते.

तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी मुख्य बांधाचे काम झाले आणि ते चांगले झाले. पण मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. ज्या सखल शेतांत रोज भरतीचे पाणी खेळत राहिले, तेथे तिवरांची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळवनातील झाडांची, बीजे रुजली. कांदळवनाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. लाटांचा मारा तेच थोपवते, माशांची पिले तेथेच वाढतात आणि ज्या बांधासमोर तिवरांचा दाट पट्टा आहे तो बांध सहसा फुटत नाही, हे आम्ही याच किनाऱ्यावर पाहिले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन नष्ट करता येत नाही आणि त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. तो निकाल भराव घालून खाड्या गिळणाऱ्यांना रोखण्यासाठी आवश्यक होता. पण खालच्या आळीतील शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या भातशेतीत त्याच्या हातून न घडलेल्या कारणाने समुद्र आला, त्या समुद्राबरोबर तिवर आले, आणि आता त्याच्या शेतात त्याला कोयता लावता येत नाही. त्याची जमीन कोणी संपादित केली नाही, म्हणून मोबदल्याचाही प्रश्न उद्भवत नाही. ज्या शेतांत तिवर विरळ आणि कोवळे आहेत त्यांच्याबाबत काय करावे, यावर आमच्या गटातच मतभेद आहेत. मृद्शास्त्राचे अभ्यासक सहकारी म्हणतात की ती शेते आता सोडून द्यावीत आणि त्या घरांना तेथील चिंबोरी-पालन किंवा मत्स्यशेतीत हक्काचा वाटा द्यावा. मला ते पटत नाही असे नाही, पण त्या वाट्याने घरात तांदूळ नक्की येईल याची खात्री मागण्याचा अधिकार त्या घरांना आहे असे मी मानतो.

आमच्या अहवालात आम्ही जे मागितले त्यातील पहिली गोष्ट अगदी लहान होती: खांड लहान असतानाच भांगात बुजवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या हाती थोडा निधी आणि शासकीय बांधालाही हात लावण्याची लेखी मुभा असावी, आणि मोठ्या कामाचे अंदाजपत्रक त्यानंतर सावकाश व्हावे. दुसरी मागणी पंचनाम्यात खातेदाराबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्याचे आणि मजुरीला येणाऱ्या कुटुंबांचे नाव लिहिण्याची होती. ही दुसरी मागणी वरच्या पातळीवर अडली आहे. खातेदारांना कसणाऱ्याची नोंद म्हणजे कुळाची नोंद वाटते, आणि ती शंका दूर होईल असा शब्दप्रयोग आम्हाला अजून सुचलेला नाही.

पहिल्या मागणीचे मात्र गावाने परवानगीची वाट न पाहता अर्धे काम केले. उघाडीजवळ पत्र्याची एक खोपी उभी आहे. तिच्यात मेढी, रिकाम्या गोण्या, घमेली आणि फावडी ठेवलेली आहेत. दोन्ही आळ्यांतील घरांनी पाळ्या लावून घेतल्या असून उधाणाच्या दोन दिवस आधी दोघे-दोघे बांध फिरतात. भोक दिसले तर कोणाकोणाच्या दारात जाऊन हाक मारायची, ती नावे खोपीच्या दारावर खडूने लिहिली आहेत. गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी झिरपा लागला आणि दोन्ही वेळी तो त्याच दिवशीच्या ओहोटीत बंद झाला. खालच्या आळीतील सुमारे अर्ध्या शेतांत पुन्हा राता आहे. उरलेल्या शेतांत तिवर माणसाच्या उंचीचे झाले आहेत. आधी उदाहरण दिलेले वीस गुंठ्यांचे घर त्या उरलेल्यांपैकी आहे; ते अजून तांदूळ विकत आणते, आणि बांध फिरण्याच्या पाळीत त्या घरचा माणूस प्रत्येक वेळी असतो.